एसएटीच्या वाचन-आकलनाचे गुण ६३० च्या आसपास अडले आहेत. सराव परीक्षा वाढवाव्यात का?

शरयू, ११ जानेवारी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि माझी मुलगी येथे अकरावीत शिकते. ऑक्टोबरमध्ये शाळेत झालेल्या पीएसएटीत, म्हणजे येथील कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेच्या रंगीत तालमीत, तिला गणितात ७६० पैकी ७४० गुण मिळाले, पण वाचन-लेखन विभागात ६१० वर समाधान मानावे लागले. मार्चमधल्या एसएटीसाठी नाव नोंदवले आहे, म्हणजे हातात आठ-नऊ आठवडे आहेत. नोव्हेंबरपासून ती एका क्लासला जाते. दर रविवारी पूर्ण परीक्षा आणि सोमवारी पालकांना गुणांचा तक्ता, असा तिथला शिरस्ता आहे. आतापर्यंत नऊ परीक्षा झाल्या आणि वाचन-लेखनाचे गुण ८०० पैकी ६२० ते ६४० यांच्यामध्येच झोके घेत आहेत. शिक्षकांना कारण विचारले की "आणखी सराव हवा" एवढेच उत्तर मिळते आणि पुढच्या सत्राच्या शुल्काचे पत्रक हातात पडते.

मला कोडे पडले आहे ते वेगळेच. मुलगी येथेच जन्मली आणि येथेच वाढली. तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे आणि लहानपणापासून ती कादंबऱ्यांचा फडशा पाडत आली आहे. मग दहा-बारा ओळींच्या उताऱ्यावरचा एक प्रश्न तिला का अडावा? चुकलेला प्रश्न दाखवला की ती म्हणते, "अगं आई, दोनांत अडकले होते, त्यातला चुकीचा निवडला." दर वेळी दोनांतच अडकायचे आणि त्यातून चुकीचाच उचलायचा, हा योगायोग कसा असेल? सराव परीक्षा वाढवाव्यात, की क्लास बदलावा, की सरळ एसीटी या दुसऱ्या प्रवेश परीक्षेकडे वळावे? ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत किंवा जे हा विषय शिकवतात, त्यांनी कृपया लिहावे.

मुचकुंद, ११ जानेवारी

आपल्यापैकी अनेक पालकांच्या डोक्यात अजून जुनी कागदी परीक्षा असते, म्हणून आधी सध्याच्या रचनेबद्दल लिहितो. अमेरिकेबाहेर २०२३ च्या मार्चपासून आणि अमेरिकेत २०२४ च्या मार्चपासून एसएटी संगणकावर होते. जुन्या परीक्षेत ६५ मिनिटांत ५ लांबलचक उतारे आणि त्यांवर ५२ प्रश्न असत. आता वाचन आणि लेखन मिळून एकच विभाग आहे. त्याचे दोन भाग असून प्रत्येक भागात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद येतात. उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर प्रश्न एकच. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे ठरते, आणि सोपा भाग आला तर सर्वांत वरच्या गुणांची वाट तिथेच बंद होते. त्यामुळे पहिल्या भागातली घाई फार महागात पडते. चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत २०१६ मध्येच संपली, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

एसीटीबद्दल माझे मत असे आहे की अडचण आकलनाची असेल तर परीक्षा बदलून ती सुटत नाही. एसीटीही २०२५ पासून बदलली आहे. पूर्वी वाचनाला ३५ मिनिटांत ४० प्रश्न असत, नव्या रचनेत ४० मिनिटांत ३६ आहेत. श्वास घ्यायला थोडी फुरसत मिळते, पण उतारे मात्र लांबच राहिले आहेत. घरी दोन्हींची एकेक अधिकृत सराव परीक्षा देऊन पाहावी आणि मग निर्णय घ्यावा.

गोदाकाठ, १२ जानेवारी

शरयूताई, मी गेली बारा वर्षे मुलांना हाच विषय शिकवते आणि "दोनांत अडकले होते" हे वाक्य माझ्या इतके ओळखीचे झाले आहे की ते ऐकल्याशिवाय पहिली भेट पुरी होत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यातच आहे. मुले उतारा भराभर डोळ्यांखालून घालतात आणि थेट पर्यायांवर उडी मारतात. चुकीचे पर्याय रचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो ते उताऱ्यातल्याच शब्दांनी विणतो. उताऱ्याचा अर्थ मनात बसलेला नसताना चार पर्याय वाचले की ते चौघे मिळून होता तेवढा अर्थही गढूळ करतात, आणि मग मूल उताऱ्याशी ताडून पाहण्याऐवजी एक पर्याय दुसऱ्याशी ताडून पाहू लागते. दोनांत अडकणे म्हणतात ते हेच. अशा वेळी जो पर्याय अधिक भारदस्त वाटतो तो निवडला जातो, आणि भारदस्त पर्याय बहुधा चुकीचा असतो.

एक नमुना देते. तो मी मराठीतच तयार केला आहे, म्हणजे इंग्रजी चांगले असण्या-नसण्याचा प्रश्नच उरणार नाही.

"रताळे मूळचे अमेरिका खंडातले. तरीही युरोपीय जहाजे पोहोचण्याच्या आधीपासून पॉलिनेशियातील बेटांवर ते पिकत होते. त्यावरून अनेक अभ्यासकांनी असे अनुमान काढले की पॉलिनेशियाचे दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन आले असावेत. कॅप्टन कुकच्या सफरीत १७६९ साली गोळा केलेल्या रताळ्याच्या नमुन्याचा जनुकीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संशोधकांच्या मते हा वाण अमेरिकेतील वाणांपासून एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे माणूस त्या बेटांवर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी, वेगळा झाला होता. हा निष्कर्ष बरोबर असेल तर..."

हे वाक्य सर्वांत तर्कशुद्ध रीतीने कोणता पर्याय पूर्ण करतो? पहिला पर्याय: पॉलिनेशियाचे दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेला कधीच पोहोचले नव्हते. दुसरा: रताळे मुळात पॉलिनेशियातले असून तेथून ते अमेरिकेत गेले. तिसरा: बेटांवर रताळे होते एवढ्यावरून दर्यावर्दींचा अमेरिकेशी संपर्क आला होता असे म्हणता येणार नाही. चौथा: युरोपीय लोक येण्यापूर्वीही पॉलिनेशियातील लोक शेती करीत होते.

बहुतेक मुले पहिल्या आणि तिसऱ्यात अडकतात. पहिला ठाम आहे, म्हणून तो "उत्तरासारखा" वाटतो. पण उताऱ्याने संपर्काचा एक पुरावा काढून घेतला आहे. संपर्क झालाच नाही, असे तो कुठेही म्हणत नाही. साक्षीदार फुटला म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही, तसेच हे आहे. चौथ्याची गंमत अशी की तो खरा आहे, उताऱ्यात त्याला आधारही आहे, पण "निष्कर्ष बरोबर असेल तर" या शब्दांनंतर तो येऊ शकत नाही, कारण तो त्या निष्कर्षावर अवलंबूनच नाही. खरे पण गैरलागू अशा या पर्यायाने हुशार मुलांचे जितके गुण खाल्ले आहेत तितके कठीण शब्दांनीही खाल्ले नसतील. तक्ते आणि आलेखांच्या प्रश्नांत तर हीच युक्ती सर्रास वापरतात. अनेकदा एकाहून अधिक पर्याय तक्त्याशी तंतोतंत जुळतात, पण प्रश्नात दिलेल्या विधानाला बळकटी देणारा त्यांतला एकच असतो.

जाता जाता एक सांगते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी जनुकांच्या एका अभ्यासाने पॉलिनेशिया आणि दक्षिण अमेरिकेतील लोकांचा साधारण इसवी सन १२०० च्या सुमारास संपर्क आल्याचे दाखवले. एखाद्या मुलाला हे ठाऊक असेल आणि म्हणून तो पहिला पर्याय खोडेल, तर उत्तर बरोबर येईल पण कारण चुकीचे असेल. अशा कारणाने मिळालेला गुण पुढच्या प्रश्नात परत जातो.

आता उपाय सांगते. पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे. ब्लूबुक या अधिकृत ॲपमध्ये पडद्याच्या डाव्या बाजूला उतारा आणि उजव्या बाजूला प्रश्न व पर्याय असतात. पर्यायांवर एक पुठ्ठा धरावा, प्रश्न वाचावा, उतारा वाचावा आणि उत्तर आपल्या शब्दांत, एका वाक्यात, मोठ्याने म्हणावे. वाक्य म्हणता आले नाही तर पुठ्ठा हलवायचा नाही, उतारा पुन्हा वाचायचा. वाक्य तयार झाले की मगच पुठ्ठा काढून त्या वाक्याच्या सर्वांत जवळचा पर्याय निवडायचा. सुरुवातीला एका प्रश्नाला तीन-चार मिनिटे लागतील आणि मुलगी वैतागेल. वैतागू द्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकांची वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि अंदाजाने बरोबर आलेलाही प्रत्येक प्रश्न तीत आला पाहिजे. मी उताऱ्याचा अर्थ काय लावला होता, चुकीच्या पर्यायातल्या कोणत्या शब्दाने मला ओढले, आणि उताऱ्यातल्या कोणत्या शब्दाने तो पर्याय बाद होतो, एवढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे. "सिली मिस्टेक" हा शब्द त्या वहीत लिहायला माझ्याकडे बंदी आहे, कारण तो लिहिला की विचार तिथेच थांबतो.

रविवारची परीक्षा मात्र आज थांबवावी. परीक्षा म्हणजे वजनकाटा आहे. रोज काट्यावर उभे राहिल्याने वजन उतरत नाही. शिवाय ब्लूबुकमधल्या अधिकृत परीक्षा मोजक्याच आहेत आणि त्या उधळून चालणार नाहीत. रोजच्या सरावासाठी एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची प्रश्नपेढी आणि खान अकॅडमी हे शिकवणीचे संकेतस्थळ ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. प्रश्नपेढीत कौशल्य आणि काठिण्य यांनुसार प्रश्न वेगळे काढता येतात. रोज एकाच प्रकारचे दहा प्रश्न पुरेत, पण त्यांचे पोस्टमॉर्टेम पूर्ण व्हावे.

शरयू, १३ जानेवारी

गोदाकाठ, आपले मनापासून आभार. रताळ्याचा उतारा रात्री जेवताना सर्वांना वाचून दाखवला. मुलीने तिसरा निवडला, नवऱ्याने पहिला निवडला आणि अजून तो हटून बसला आहे. क्लासला या महिन्यापुरती सुट्टी दिली आहे. एक शंका आहे. दोन आठवडे घड्याळाशिवाय घालवले तर वेग कायमचा मंदावणार नाही का? हातात आठच आठवडे आहेत.

गोदाकाठ, १३ जानेवारी

मंदावत नाही. तिचा आजचा वेळ कुठे जातो ते एकदा पाहा. उतारा वाचायला तीस सेकंद लागत असतील आणि दोन पर्यायांमध्ये हेलपाटे घालायला दीड मिनिट. आपले वाक्य आधी तयार असेल तर हेलपाटे संपतात. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ परत आणा, पण एकदम ७१ सेकंदांवर येऊ नका. आधी दहा प्रश्नांना वीस मिनिटे द्या, मग पंधरा, मग बारा.

अबोली, १४ जानेवारी

मी पुण्यातून लिहीत आहे. माझा मुलगा सेमी-इंग्रजी माध्यमातून आला आणि त्याने गेल्या वर्षी पुण्यातूनच एसएटी दिली, त्यामुळे आमची अडचण शरयूंच्या नेमकी उलट होती. त्याचा तर्क शाबूत होता, पण वाक्यच हाती लागत नसे. या परीक्षेतल्या विज्ञानाच्या उताऱ्यांत कर्ता पहिल्या ओळीत भेटतो, मग दोन डॅशांच्या मध्ये एक आख्खी माहिती कोंबलेली असते, तिच्यामागून "विच"चे एक उपवाक्य येते, आणि क्रियापद तिसऱ्या ओळीच्या टोकाला उगवते. तोपर्यंत कर्ता कोण होता हेच मूल विसरते आणि जवळ दिसलेल्या नामाला ते क्रियापद चिकटवून मोकळे होते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येत असले तरी आपण "जे रोप सावलीत वाढले, त्याची पाने रुंद झाली" अशी जोडी लावतो. जे आणि त्याची, दोघांची गाठ कानालाच कळते. इंग्रजी वाक्यात ती गाठ डोळ्यांनी शोधावी लागते.

आम्ही केले ते असे. रोज पाच लांब वाक्ये घ्यायची, पेन्सिलने कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्याभोवती चौकट काढायची, मधला सगळा मजकूर कंसात टाकायचा, आणि मग ते वाक्य मराठीत जो-तो पद्धतीने दोन-तीन तुकड्यांत सांगायचे. शब्दशः भाषांतर करायचे नाही, कारण त्यात मूल वाक्याच्या मागे फरपटत जाते. परीक्षेत पडद्यावरच्या उताऱ्यावर पेन्सिल चालवता येत नाही, पण ब्लूबुकमध्ये मजकुरावर रंग ओढता येतो. त्याने तेवढ्यासाठीच तो वापरला.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक अनुभव सांगते. शब्दांच्या याद्या घोकण्यात आमचे दोन महिने वाया गेले. रिकाम्या जागेच्या प्रश्नांत त्याला दगा दिला तो अनोळखी शब्दांनी नाही, ओळखीच्या शब्दांनी. "क्वालिफाय" म्हणजे पात्र ठरणे एवढेच त्याला माहीत होते, पण एखाद्या संशोधकाने स्वतःच्या दाव्याला "क्वालिफाय" केले म्हणजे त्याला मर्यादा घातली, हे त्याला माहीत नव्हते. "चॅम्पियन" हे क्रियापद असू शकते आणि त्याचा अर्थ एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे असा होतो, हे कळले तेव्हा तो दिवसभर ते क्रियापद वापरत हिंडत होता. "टेम्पर" म्हणजे राग, हेही तसेच. तिथे त्याचा अर्थ सौम्य करणे असा असतो. नंतर आम्ही पुठ्ठ्याचीच युक्ती शब्दांनाही लावली. रिकाम्या जागी आधी मराठी शब्द बसवायचा, मग पर्याय पाहायचे.

अवलिया, १५ जानेवारी

सर्वांचे वाचले आणि थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. हे सगळे परीक्षेचे डावपेच झाले. आकलन असे सुटे कौशल्य नसतेच. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी मांडलेली एक साधी मांडणी शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. तिच्यानुसार वाचनाचे आकलन हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. यांतले काहीही शून्य असेल तर उत्तर शून्य. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले त्या उताऱ्याच्या आकलनात, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे कसोटी क्रिकेटचा वृत्तांत दिला असता तरी हेच झाले असते. "रात्रीचा पहारेकरी फलंदाज" म्हणजे कोण, हे ज्याला माहीत नाही त्याने ते वाक्य दहा वेळा वाचले म्हणून काय होणार?

शरयूंची मुलगी कादंबऱ्या वाचते, म्हणजे तिचे वाचन एकांगी आहे. एसएटीत साहित्याखेरीज इतिहास, समाजशास्त्र, कला आणि विज्ञान या सगळ्यांतले उतारे येतात. तिला विज्ञानविषयक नियतकालिकांतले लेख, पुरातत्त्वावरचे लेख, अर्थशास्त्रावरचे लेख यांची गोडी लावा. गुण आपोआप येतील.

गोदाकाठ, १५ जानेवारी

अवलिया, आपले म्हणणे पटते आणि तरी आठ आठवड्यांच्या बाबतीत पटत नाही. नववीतल्या मुलाचे पालक आले तर मी त्यांना आपलेच उत्तर देते आणि क्लास लावू नका असेही सांगते. पण मार्च तोंडावर असताना सगळ्या विषयांचे पूर्वज्ञान कुठून आणणार? शिवाय हे उतारे मुद्दाम असे रचलेले असतात की लागणारी माहिती त्यांतच मिळावी. तिथे कमी पडते ती वाक्यांच्या नात्याची जाण. उताऱ्यातले "तथापि" कुठे बसले आहे, "असावेत" आणि "आहेत" यांतला फरक लेखकाने का केला, पहिले मत कोणाचे आणि दुसरे कोणाचे, हे समजायला बेसबॉल यावा लागत नाही. कादंबरी वाचणाऱ्या मुलांचे नेमके येथेच बिनसते. कादंबरीत एखादे "तथापि" निसटले तरी कथा पुढे सरकते. युक्तिवादात ते निसटले की अर्थ उलटा होतो.

रोज एक लेख वाचावा हे मात्र मान्य आहे. फक्त प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून "हा परिच्छेद येथे कशाला आला?" एवढे विचारावे.

तळ्यात_मळ्यात, १८ जानेवारी

मी टेक्सासमध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे येथे सर्वांत लहान मीच असावा. माझे मराठी आईने तपासून दिले आहे. मी ६५० वरून ७३० वर आलो. मला सर्वांत जास्त उपयोग प्रश्नांचा क्रम समजल्याचा झाला. दोन्ही भागांत क्रम ठरलेला असतो. आधी शब्दार्थ, रचना, उद्देश आणि दोन उताऱ्यांची तुलना येते, मग मुख्य कल्पना, पुरावा आणि अनुमान, मग व्याकरण, आणि शेवटी जोडशब्द व टिपणांवरचे, म्हणजे मुद्द्यांची यादी देऊन विचारलेले, प्रश्न. अनुमानाचे प्रश्न मधोमध येतात आणि तिथेच माझा दम जात असे. म्हणून मी आधी व्याकरण आणि टिपणांचे प्रश्न बारा-तेरा मिनिटांत संपवायचो आणि मग पहिल्या प्रश्नाकडे परतायचो. उरलेला वेळ डोळ्यांसमोर असल्यामुळे अनुमानाचे प्रश्न शांतपणे सोडवता यायचे. टिपणांच्या प्रश्नांत तर टिपणे आधी वाचूच नयेत. प्रश्नात जो हेतू दिलेला असतो, उदाहरणार्थ "दोघांतले साम्य दाखवा", तो वाचायचा आणि तो हेतू पुरा करणारा पर्याय शोधायचा. बहुतेक टिपणे तेथे केवळ गर्दी करायला आलेली असतात.

गोदाकाठ, १८ जानेवारी

आईंना शाबासकी कळवावी. क्रम बदलण्याची युक्ती काही मुलांना फार मानवते, पण मागे-पुढे उड्या मारताना एखादा प्रश्न राहून जाण्याचा धोका असतो. ती वापरायची असेल तर निदान तीन सराव परीक्षांत वापरून अंगवळणी पाडावी, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको. टिपणांबद्दल तू लिहिलेले अगदी बरोबर आहे.

शरयू, २२ फेब्रुवारी

बरेच दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. काल ब्लूबुकवर पूर्ण परीक्षा दिली, वाचन-लेखनात ६९० आले. पंधरा दिवसांपूर्वी ६६० होते.

पुठ्ठ्याची युक्ती पहिला आठवडाभर चालली नाही. मुलगी मोठ्याने वाक्य म्हणायला लाजायची, मनातल्या मनात "हं, कळले" म्हणून पुठ्ठा काढायची, आणि पुन्हा दोनांत अडकायची. तो तिढा सुटला माझ्या सासऱ्यांमुळे. ते डिसेंबरात साताऱ्याहून आले आहेत. कृषी खात्यातून निवृत्त झाले, इंग्रजी वर्तमानपत्रापुरते वाचतात. हिवाळ्यात त्यांना बाहेर पडता येत नाही आणि घरात करमत नाही. एके दिवशी ते नातीला म्हणाले, "काय वाचतेस ते मला मराठीत सांग, माझा वेळ जाईल." तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर ती त्यांना पाच उतारे सांगते.

एक प्रसंग लिहिते. मेक्सिको सिटीतले पक्षी घरट्यांत सिगारेटची थोटके आणून ठेवतात आणि ज्या घरट्यांत थोटके जास्त तिथे रक्त शोषणारे बारीक किडे कमी आढळतात, अशा निरीक्षणावर एक उतारा होता. मुलगी म्हणाली, "आबा, पक्षी किडे मारायला थोटकं आणतात."

आबांनी विचारले, "असं लिहिलंय?"

"हो, म्हणजे, किडे कमी होतात ना."

"ते झालं. पण पक्ष्याला ते माहीत आहे असं लिहिलंय का? आमच्या शेतात बांधावर झेंडू आपोआप उगवायचा आणि शेजारच्या वाफ्यात कीड कमी पडायची. झेंडूनं काही ठरवून केलं नव्हतं."

तिने उतारा पुन्हा वाचला. पक्ष्यांच्या हेतूबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. पुठ्ठा काढल्यावर पहिलाच पर्याय होता, पक्षी किड्यांपासून बचाव करण्यासाठी जाणीवपूर्वक थोटके निवडतात, असा. ती काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मी हाच निवडला असता." त्या रात्री चुकांच्या वहीत तिने, न चुकलेल्या प्रश्नाखाली, "हेतू मी घातला, लेखकाने नाही" असे लिहिले. मागची पाने चाळली तर तसल्याच चुका आणखी सात निघाल्या.

आबांपुढे "हं, कळले" चालत नाही. त्यांना विषयातले काही ठाऊक नसते, त्यामुळे कुठलीही कडी सुटली की ते "म्हणजे नक्की काय?" असे विचारतात, आणि मराठीत सांगायचे असल्यामुळे तिला उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलून वेळ मारून नेता येत नाही. तिचे मराठी अडखळते, दर तिसऱ्या वाक्यात ती मला शब्द विचारते, पण तो भाग वेगळा.

आता एकच प्रकार शिल्लक राहिला आहे, तो म्हणजे कविता आणि एकोणिसाव्या शतकातले गद्य. त्यात तिचे चारपैकी दोन प्रश्न अजूनही चुकतात. आबांनाही तिथे मदत करता येत नाही, कारण तिला ते मराठीत सांगताच येत नाही. तीन आठवड्यांत काय करता येईल?

गोदाकाठ, २२ फेब्रुवारी

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी फी घेऊन जे विचारते ते ते फुकट विचारत आहेत.

कवितेच्या बाबतीत मुले उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी प्रतीके शोधतात, गूढार्थ शोधतात, कारण शाळेत तेच करायला शिकवलेले असते. या परीक्षेला बहुतेक वेळा सरळ अर्थच हवा असतो. उताऱ्याच्या वर एक ओळ दिलेली असते, कोणाची कविता, कोणत्या वर्षीची, कधी कधी प्रसंग कोणता तेही. ती मुले वगळतात, ती आधी वाचावी. मग कोण बोलत आहे, कोणाशी, आणि कशाबद्दल, एवढेच ठरवावे. जुन्या इंग्रजी ओळीत शब्दांचा क्रम उलटा झालेला असतो, कर्म आधी आणि कर्ता नंतर येतो. ती ओळ आधी सरळ करून कागदावर लिहावी, गद्यात. जुन्या गद्याचेही तेच. अबोली यांनी सांगितलेली चौकट तिथे सर्वांत जास्त उपयोगी पडेल. सरळ केलेली ओळ मराठीत सांगणे अवघड जाणार नाही. रोज दोनच करा.

शरयू, २३ फेब्रुवारी

आज एक केली. ओळी सरळ करून लिहायला वीस मिनिटे लागली. आबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ती बाई समुद्रावर रागावली आहे, की नवऱ्यावर?" मुलीने पाटी-पेन्सिल असल्यासारखा कागद पुन्हा पुढे ओढला आहे आणि दोघे अजून तिथेच बसले आहेत.